आधी भात, मग तूप

बाईंच्या व्यायामशाळेत नाव घालायला गेलेल्या माणसाला पहिला प्रश्न वजनाचा नसे, फीचाही नसे. पहिला प्रश्न असे, "काल रात्री काय जेवलात?"

मी यवतमाळहून येऊन नुकताच हिंजवडीच्या एका कंपनीत लागलो होतो. अंगावर मांस म्हणावं असं काही नव्हतं. कंपनीचं ओळखपत्र गळ्यात घातलं की पट्टा माझ्यापेक्षा रुंद दिसतो, असं माझा खोलीमित्र म्हणायचा. तो वर्ध्याचा, आडव्या अंगाचा, त्याला बोलायला काय जातंय. पहिला पगार झाल्यावर मी प्रोटीन पावडरचा एक भलामोठा डबा घेतला आणि तो बगलेत मारून कर्वेनगरातल्या त्या तळघरात उतरलो. डबा सोबत नेण्याचं कारण एवढंच, की आपण या विषयात अगदीच नवखे नाही हे समोरच्याला कळावं.

"नूडल्स खाल्ले," मी म्हणालो.

"आणि सकाळी?"

"चहा. मग ऑफिसमध्ये बिस्किटं."

"झोपलात कधी?"

"पहाटे. शिफ्ट असते मॅडम. अमेरिकेतले लोक तेव्हा जागे असतात ना."

"त्यांच्याकडे तेव्हा दिवस असतो म्हणून ते जागे असतात. तुमचं काय? आणि मॅडम नको. मॅडम मी बँकेत होते. इथे बाई म्हणतात."

मग त्यांनी हात पुढे केला. मी डबा दिला. गळ्यात दोरीला अडकवलेलं भिंग काढून त्यांनी डब्यावरचा बारीक मजकूर सगळा वाचला. माझ्या पायाला मुंग्या आल्या, तरी वाचन चालूच. शेवटी म्हणाल्या, "डबा चांगला आहे. फसवलेलं नाही तुम्हाला."

मी खूश झालो.

"तूप चांगलंच असतं हो," बाई म्हणाल्या, "पण आधी पानात भात लागतो. तुमच्या पानात भात कुठाय?"

एवढं बोलून त्यांनी डबा भिंतीकडच्या लोखंडी कपाटात ठेवला आणि कुलूप लावलं. आत असेच आणखी डबे दिसले. मी कसाबसा म्हणालो की तो माझा डबा आहे.

"तुमचाच आहे. नाव लिहा त्यावर. नाहीतर दुसऱ्याच कुणाच्या पोटात जायचा."

अशी माझी आणि बाईंची ओळख झाली. पहिले दोन दिवस मला त्यांचा भयंकर राग आला होता. तिसऱ्या दिवशी मी खानावळ लावली.

ते तळघर पूर्वी शिकवणीच्या क्लासचं होतं. क्लास गेला, फळा राहिला. बाईंनी तो काढला नाही. इतर व्यायामशाळांत भिंतीवर पिळदार दंडांची चित्रं असत, आमच्याकडे फळ्यावर खडूनं लिहिलेलं असे: 'आज मुगाची उसळ.' दुसऱ्या दिवशी, 'काल उसळ किती जणांनी खाल्ली?' आणि कुणी खाल्ली नसेल तर तिसऱ्या दिवशी पुन्हा मुगाचीच उसळ. क्लासच्या सवयीनं आम्ही व्यायामशाळेलाही वर्गच म्हणायचो. "वर्गावर येतोस का?" असं एक इंजिनियर दुसऱ्या इंजिनियरला विचारी, आणि दोघेही जाऊन डंबेल्स उचलत.

बाई स्वतः कबड्डीपटू. खेळावरच त्यांना बँकेत नोकरी लागली होती. पुढे काउंटरवर कॉम्प्युटर आले, मग स्वेच्छानिवृत्तीची योजना आली, आणि बाई बाहेर पडल्या. मिळालेल्या पैशातून त्यांनी ही व्यायामशाळा काढली. काढली तर तिच्यात भरणा सगळा आमच्यासारख्या कॉम्प्युटरवाल्यांचा. "कॉम्प्युटरनं मला बँकेतून काढलं आणि तुम्हाला माझ्याकडे पाठवलं," त्या म्हणायच्या, "फिटंफाट."

आता त्या कपाटाबद्दल. बाई पावडरीच्या विरोधात होत्या असं आम्ही सगळेच धरून चाललो होतो. ते खरं नव्हतं, आणि त्याचा पुढे आम्हाला चांगलाच हिसका बसला. दोन्ही वेळचं जेवण रुळावर आलं, डाळ, उसळ, दही, ज्याला चालतील त्याला अंडी असं सगळं पानात येऊ लागलं, झोप नीट झाली, आणि तरीही काही कमी पडतंय असं दिसलं, की बाई स्वतःहून कपाट उघडत. आमच्यातल्या एका मुलाला अंडी चालत नसत, दूध पचत नसे, आणि त्याच्या खानावळीत सोम ते रवि बटाटा. त्याला बाईंनी लवकरच त्याचा सोयाबीनच्या पावडरचा डबा काढून दिला. "तुमच्या खानावळीत बटाट्याखेरीज काही उगवत नाही," त्या म्हणाल्या, "तुम्ही घ्या. एक सपाट चमचा. डोंगर करायचा नाही." पण लक्षात काय राहतं? माणसाच्या लक्षात कुलूप राहतं. किल्ली कोण लक्षात ठेवतो.

बाईंची खरी कीर्ती मात्र झोपेमुळे होती.

वर्गाच्या मागच्या बाजूला एक छोटी खोली होती. तिथे बाईंनी सतरंज्या टाकल्या होत्या. रात्रपाळी करून कंपनीच्या बसमधून उतरलेली मुलं तशीच, पाठीवर बॅग, डोळे लाल, व्यायामाला येत. बाई दारातच त्यांच्या डोळ्यांकडे बघत. "आत जा," म्हणत. आत म्हणजे सतरंजीवर. त्या दिवशीचा व्यायाम तोच. कुणी कुरकुर केली तर म्हणत, "वजन उचलताना स्नायू फक्त मोडतो. बांधला जातो तो झोपेत. तुम्ही रोज मोडायला येता आणि बांधायला सवड नाही, हे कसलं काम?" खोलीच्या दारावर त्यांनी स्वतः रंगवलेली पाटी होती:

'आत स्नायू वाढत आहेत. बोलू नये.'

एकदा एक गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन चौकशीला आले. मोठ्या खोलीत कुणी नव्हतं. मागच्या दारातून डोकावले तर चार तरणेबांड पुरुष ओळीनं घोरत पडलेले. ते बिचकले. "व्यायाम कधी सुरू होतो?" त्यांनी विचारलं.

"चालू आहे की," बाई म्हणाल्या. "दिसत नसेल तर चष्मा लावून या."

गृहस्थ चष्मा लावायला गेले ते परत आले नाहीत. बाईंना त्याचं काही वाटलं नाही. समोरच्या चौकात काचेची नवी व्यायामशाळा निघाली, तिथे एसी, आरसे, धावायची यंत्रं, काउंटरवर डब्यांचे मनोरे. आमचे निम्मे लोक तिकडे गेले, तेव्हाही बाई फळ्यावर उसळच लिहीत होत्या.

जाणाऱ्यांत माझा खोलीमित्र पहिला. त्याला तीन महिन्यांत छाती हवी होती, कारण वर्ध्याला मुलगी बघायला जायचं होतं. त्यानं जेवण बंद केलं. रात्रीच्या जेवणाऐवजी पावडर, सकाळी पावडर, दोन वेळा व्यायाम, आणि मधे शिफ्ट. आमच्या खोलीत पाय ठेवला की व्हॅनिलाचा वास यायचा. पहिल्या महिन्यात तो खरंच फुगल्यासारखा दिसला. दुसऱ्या महिन्यात साध्यासाध्या गोष्टींवरून खेकसायला लागला, आणि एका सकाळी बस थांब्यावर डोळ्यांपुढे अंधारी येऊन खालीच बसला. मी त्याला धरून बाईंकडे नेलं. दुसरं कुठे न्यायचं हे मला सुचलंच नाही.

बाईंनी आधी त्याला कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे नेलं. डॉक्टरांनी तपासलं, रक्त बघितलं आणि सांगितलं की याला काही झालेलं नाही, हा उपाशी आहे, याला पाणी कमी पडतंय आणि हा झोपत नाही.

"मी तर घेऊनच राहिलो ना बाई सगळं," खोलीमित्र म्हणाला. "प्रोटीन पुरं चालू आहे माझं."

"विटा आणून टाकल्यात तुम्ही," बाई म्हणाल्या. "चुना नाही, पाणी नाही, गवंडी रात्रभर जागा. घर कसं उभं राहायचं?"

त्यांनी त्याला घरी नेऊन पिठलं-भात वाढला. बाईंच्या घरी मी तेव्हा पहिल्यांदाच गेलो. वर्गाच्याच इमारतीत पहिल्या मजल्यावर दोन खोल्या. लग्न केलेलं नव्हतं, भाऊ नाशिकला. भिंतीवर कबड्डीच्या संघाचा एक जुना फोटो होता. खोलीमित्र जेवून तिथेच आडवा झाला, तेव्हा बाईंनी त्या फोटोकडे बघत, आवाज हळू ठेवून मला सांगितलं, की चढाईत गुडघा दुखावला तेव्हा त्यांना विश्रांती घ्यायला सांगितली होती. पण बँकेचे सामने तोंडावर आलेले. त्यांनी पट्टी बांधली, कुणी दिलेलं टॉनिक प्यायलं आणि खेळल्या. सामना जिंकला. गुडघा गेला तो गेलाच.

"टॉनिकचा दोष नाही," त्या म्हणाल्या. "दोष माझा. मला बसता येत नाही. लहानपणापासून नाही. तुम्हाला झोपा म्हणून सांगते ना, ते मला जमत नाही म्हणूनच सांगते."

मला तेव्हा त्या फार आवडल्या. खोलीमित्र पुढच्या सोमवारी मुकाट्यानं वर्गावर परत आला. मुलीनं त्याला पसंत केलं, आणि छातीचा विषय तिकडे कुणी काढलासुद्धा नाही.

यानंतर दोन-तीन वर्षांनी बाई घरात पाय घसरून पडल्या. खुब्याचं हाड मोडलं. ऑपरेशन झालं, आत सळई बसली. भावजय नाशिकहून आली, जितकं राहता येईल तितकं राहिली आणि परत गेली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं की वॉकर घेऊन ठरलेलं तेवढंच चालायचं, बाकी पडून राहायचं, आणि खायचं भरपूर. बाईंचं म्हणणं एकच होतं, तळघराच्या पायऱ्या उतरून वर्गावर जायचंय, माझ्या पायानं. कुणी उचलून नेलेलं चालणार नाही.

आम्ही वर्गातल्या सगळ्यांनी ठरवलं की बाईंना जेवण आपण पुरवायचं. बाईंचीच शिकवण. त्यामुळे काय द्यायचं याबद्दल मतभेदच नव्हता. मी खानावळीच्या मावशींना सांगून मुगाची उसळ करून घेतली. खोलीमित्राच्या बायकोनं मटकीची केली. निवृत्त झालेले एक काका यायचे, त्यांच्या घरून वालाची आली. बाईंच्या दारात स्टीलच्या डब्यांची रांग लागली. पावडर न्यावी असं आमच्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही. बाईंच्या घरात पावडर? देवळात चपला घालून जाण्यासारखं वाटलं असतं.

डबे परत यायचे तेही भरून. कधी दाण्याचा लाडू, कधी चिवडा, एकदा चक्क साटोऱ्या. आम्ही वर्गावर बसून ते खायचो. खोलीमित्र तोंड भरून म्हणाला, "बाई जोरदार रिकव्हर होऊन राहिल्या, काय?" सगळ्यांनी माना डोलावल्या. आठ-दहा सुशिक्षित माणसं आम्ही, दिवसभर दुसऱ्यांच्या चुका शोधण्याचा पगार घेणारी. साटोऱ्या कोण लाटतंय हा प्रश्न एकालाही पडला नाही.

तपासणीला मीच त्यांना रिक्षानं घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी पाय बघितला, वजन घेतलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "दिवसभर करता काय तुम्ही?"

"काही नाही. पडून असते."

"पडून राहिलेल्या पायाला एवढी सूज येत नाही. आणि खाणं कुठे आहे? हे बघा, हाड जुळायला विश्रांती लागते आणि अंगात काही असावं लागतं. तुमच्याकडे दोन्ही नाही. असंच चाललं तर पुन्हा ऑपरेशन. मग पायऱ्यांचं विसरा." त्यांनी कागदावर जेवणाचं लिहून दिलं, आणि भूक नाही म्हणून जोडीला प्रोटीन पावडर.

घरी आल्यावर पाणी आणायला मी स्वयंपाकघरात गेलो, आणि तिथे सगळा उलगडा झाला. ओट्यावर कढई होती, कढईत भाजलेले पोहे. शेजारी आमचे डबे घासून-पुसून ओळीनं मांडलेले. आणि ओट्याला खेटून जमिनीवर वॉकरच्या पायांचे काळे ओरखडे, इतके, की रोज तासन्‌तास कुणी तिथे उभं राहिल्याशिवाय पडले नसते. उसळी पातेल्यांत काढून तशाच फ्रीजमध्ये होत्या, बहुतेक न शिवलेल्या. एका माणसाला अर्धी वाटी जात नाही, तिथे आम्ही पंगतीचं सामान आणून टाकलं होतं.

"हे काय बाई?"

"डबे परत द्यायचेत."

"मग तसेच द्या ना."

"रिकामे?" बाईंनी माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच कुणाचं तरी वाईट चिंतलं होतं.

मी तिथेच स्टुलावर बसलो. आम्ही त्यांना बरं करायला डबे पाठवत होतो, आणि एकेका डब्यापायी त्या मोडक्या खुब्यावर उभ्या राहत होत्या. मला रडायला आलं. त्यांना दिसू नये म्हणून मी उगाच पोहे ढवळत बसलो.

दुसऱ्या दिवशी दुपारी खोलीमित्र आणि मी, दोघे गेलो. पिशवीत पावडरचा डबा होता. बाई पलंगावर बसून होत्या, पाय लांब केलेला. डबा बघताच त्यांनी मान भिंतीकडे फिरवली.

"नाही," त्या म्हणाल्या. "सगळ्या जगाला कुलूप लावून मी आता डब्यातलं खाऊ? काय म्हणतील लोक?"

"लोकांना तुम्ही काय सांगितलं होतं? तूप वाईट असतं असं?" मी विचारलं.



"मला भीती वाटून राहिली, बाई," खोलीमित्र एकदम म्हणाला. तो असं बोलणारा माणूस नव्हे. "मी पडलो तेव्हा तुम्ही होत्या. तुम्ही पडून राहिल्या तर आम्ही कोणाकडे जायचं?"

पलंगाशेजारी ताटली होती. मऊ वरण-भाताचे दोन घास खाऊन सरकवलेली. मी ती पुढे ओढली. "पानात भात आहे, बाई. थोडा आहे, पण आहे. आता तूप वाढू द्या."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं, ते त्यांनी पुसलंही नाही. मग गळ्यातलं भिंग काढलं आणि डब्यासाठी हात पुढे केला. सगळं वाचलं. तारीख दोनदा वाचली.

"सपाट चमचा," त्या म्हणाल्या. "डोंगर करायचा नाही. आणि आधी हा भात संपवते."

भात त्यांनी संपवला. कण न् कण. मग दुधातली ती पावडर प्यायल्या आणि तोंड वाकडं करून म्हणाल्या, "हे असलं प्यायला मिळावं म्हणून तुम्ही लोक इतके दिवस माझ्याशी भांडत होतात?"

प्रश्न उरला डब्यांचा. खोलीमित्र म्हणाला, मी सगळे गोळा करतो आणि सगळ्यांना बजावतो की आता एकच घरचा साधा डबा येईल, बाकी कुणी काही आणायचं नाही. बाई ऐकत होत्या, पण नजर स्वयंपाकघराकडे. रिकामा डबा जाणार ही गोष्ट त्यांच्या घशाखाली उतरत नव्हती. शेवटी मी साखरेचा डबा आणून त्यांच्या मांडीवर ठेवला. त्यांना ते लगेच कळलं. बसल्याबसल्या त्यांनी एकेका डब्यात चिमूटभर साखर टाकली आणि झाकणं लावत गेल्या. शेवटचं झाकण लावल्यावर मात्र त्यांचे खांदे खाली आले. इतक्या वर्षांत मी ते असे सैल झालेले कधी बघितले नव्हते.

पुढे गणपतीच्या दिवसांत बाई काठी टेकत, एकेक पायरी उतरत वर्गावर आल्या. आम्ही दोन्हीकडे ओळीनं उभे होतो आणि कुणीही हात द्यायचा नाही असा हुकूम होता. खाली आल्यावर त्यांनी आधी फळा बघितला. आम्ही त्यावर काहीच लिहिलं नव्हतं, म्हणून बोलणी खाल्ली. आता बाई नाहीत, तळघरात गाड्या लावतात, आणि माझ्या ऑफिसच्या इमारतीतच व्यायामशाळा आहे, जिथे काल काय जेवलात हे कुणी विचारत नाही.

पण बाई आठवल्या की मला पायऱ्या आठवत नाहीत, साखर टाकली तीच दुपार आठवते. खोलीमित्र डबे पिशवीत भरून खाली गेला होता. मी तळघरातल्या मागच्या खोलीच्या दारावरची पाटी काढून आणली होती. बाईंना पलंगावर नीट निजवलं, पायाखाली उशी दिली, पडदा ओढला. मग बाहेर येऊन त्यांच्या घराच्या दारावर ती पाटी अडकवली. 'आत स्नायू वाढत आहेत. बोलू नये.'

आतून आवाज आला, "तिरकी लावलीत."

"तुम्हाला आतून कशी दिसली?"

"दिसायला कशाला पाहिजे? तुम्ही लावलीत ना. डावीकडून वर घ्या."

दोन पावलं मागे जाऊन मी बघितलं. डावीकडून खाली होतीच. मी दोरी आवळली, पाटी सरळ केली आणि विचारलं, "आता?"

उत्तर आलं नाही. मी दार जरा ढकलून बघितलं. बाई झोपल्या होत्या.